स्क्रूला रॉड जोडताना: मणक्याच्या थिएटरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मणक्याच्या शस्त्रक्रियेचे ट्रे पहिल्यांदा उघडले की छातीत धस्स होतं. एकासारखे एक दिसणारे स्क्रू, हातभर लांबीचे रॉड, नावं माहीत नसलेली डझनभर हत्यारं. पेडिकल स्क्रू आणि सेट स्क्रू यांतला फरक मला पहिल्याच केसला, टेबलाशी उभं राहून कळला. तो शिकण्याची ती जागा नव्हे. म्हणून हे लिहिते आहे, थिएटरमध्ये नव्याने येणाऱ्या सिस्टर, टेक्निशियन आणि पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी.

स्क्रू हाडात नीट कसा जावा हे सगळीकडे शिकवलं जातं. स्क्रू बसल्यावर ते एकमेकांशी जोडण्याचं काम मात्र ‘आता काय, रॉड टाकला की झालं’ म्हणून उरकलं जातं. इतकी वर्षं ट्रॉलीशी उभी राहून माझं ठाम मत झालं आहे की निम्मी शस्त्रक्रिया तिथून पुढे असते. धातूचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथेच पुढे ढिलं पडतं, सरकतं किंवा तुटतं. त्या भेटीच्या जागांकडे लक्ष कसं द्यायचं, एवढंच मला सांगायचं आहे. निर्णय अर्थातच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे, आणि आकडे त्या त्या सिस्टिमच्या, म्हणजे कंपनीच्या स्क्रू-रॉड संचाच्या, पुस्तिकेचे.

आधी हे समजून घ्या

ही जोडणी कायमचा आधार म्हणून बसवलेली नसते. मणके एकमेकांशी हाडाने जुळून येईपर्यंत त्यांना स्थिर धरायचं, हे तिचं काम. जुळायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर रुग्ण उठतो, बसतो, चालतो, कूस बदलतो, आणि प्रत्येक वेळी धातूला थोडासा वाक पडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसंच रॉडचं आहे. हाड आधी जुळलं तर ठीक. जुळलंच नाही तर कितीही जाड रॉड कधीतरी तुटतोच. म्हणून डॉक्टर हाडाची वरची कवच खरवडून हाडाचं कलम भरत असतात तेव्हा ‘मुख्य काम झालं’ असं समजून सामान आवरायला घेऊ नका. मुख्य काम तेच आहे.

या विषयाचा इतिहासही खरं तर जोडांचाच आहे. १८९१ मध्ये बर्थोल्ड हाड्रा यांनी मोडलेल्या मानेच्या मणक्यांचे मागचे काटे तारेने एकत्र बांधले. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठ वाकडी झालेल्या मुलांसाठी रॉड आणला आणि १९६२ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. पण तो रॉड मुख्यतः वरच्या आणि खालच्या हुकांवर टेकलेला असे. सगळा भार दोन टोकांवर, म्हणून मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरच्या जाकिटात ठेवावं लागे. एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याशी तार बांधून भार वाटून दिला. फ्रान्समध्ये रॉय-कामीय यांनी १९६३ पासून पेडिकलमधून स्क्रू घालून ते पट्ट्यांना जोडायला सुरुवात केली. आणि १९८० च्या दशकात कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन रॉड, त्यांवर अनेक ठिकाणी पकड, आणि दोन्ही रॉड आडव्या दुव्यांनी बांधलेले, अशी चौकट उभी केली. आज आपण जे ट्रे उघडतो ते याच चौकटीचे वंशज. जोड वाढले तसा भार वाटला गेला. पण प्रत्येक नवा जोड म्हणजे ढिली पडू शकेल अशी एक नवी जागाही.

पायरी १: ट्रे वाचायला शिका

पेडिकल म्हणजे मणक्याच्या पुढच्या भरीव भागाला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा अरुंद खांब. त्यातून जाणाऱ्या स्क्रूच्या माथ्यावर यू आकाराची खोबण असते. तिला सगळे ट्युलिप म्हणतात. रॉड त्या खोबणीत बसतो आणि वरून सेट स्क्रू आवळून तो पकडला जातो. सेट स्क्रूला कुणी इनर म्हणतं, कुणी नट, कुणी कॅप. तुमच्या थिएटरमध्ये कोणता शब्द चालतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

माथ्यांचे प्रकार हातात घेऊन पाहा. मोनोअॅक्सिअलचा माथा दांड्याशी पक्का असतो, हलत नाही. रॉड अगदी सरळ समोर आला पाहिजे, पण मणका फिरवून जागेवर आणायला तो उत्तम. पॉलीअॅक्सिअलचा माथा सगळीकडे झुकतो, रॉडला सामावून घेतो. युनिप्लेनर एकाच दिशेत झुकतो. रिडक्शन स्क्रूच्या ट्युलिपचे कान लांब असतात. पुढे सरकलेला मणका मागे ओढताना रॉड उंचावर पकडून हळूहळू खाली आणता येतो, आणि शेवटी ते कान मोडून काढायचे असतात. मोडलेले कान मोजून ट्रॉलीवर ठेवा.

रॉडचा व्यास हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. पाठीत आणि कमरेत बहुधा ५.५ किंवा ६ मिलिमीटर, काही सिस्टिममध्ये ४.७५ किंवा ६.३५, मानेत मागून बसवताना साधारण ३.५. अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. गोल रॉडचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ५.५ ऐवजी ६ घेतला की रॉड सुमारे १.४ पट ताठ होतो, आणि ६.३५ घेतला तर जवळजवळ १.८ पट. शिवाय ५.५ च्या ट्युलिपमध्ये ६ चा रॉड बसणार नाही, आणि ६ च्या ट्युलिपमध्ये ५.५ चा रॉड बसल्यासारखा वाटेल पण पकड अपुरी राहील. हे दुसरं जास्त घातक, कारण त्या वेळी कुणाच्या लक्षातच येत नाही.

धातू: टायटॅनियमचा मिश्रधातू, कोबाल्ट क्रोम, स्टेनलेस स्टील. टायटॅनियम जास्त लवचिक असतं आणि एमआरआयमध्ये कमी पसरट सावली टाकतं. कोबाल्ट क्रोम जवळपास दुप्पट ताठ, दिलेला आकार धरून ठेवतं. टायटॅनियम स्क्रूवर कोबाल्ट क्रोमचा रॉड सर्रास वापरतात. टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील मात्र एकमेकांना जोडायचं नाही. शरीरातल्या खारट द्रवात दोन्ही धातूंच्या जोडावर गंज धरू शकतो.

स्क्रूच्या रंगावर विसंबू नका. एका सिस्टिममध्ये निळा म्हणजे ६.५ असेल तर दुसरीत निळा म्हणजे वेगळंच काही. देण्याआधी व्यास आणि लांबी मोठ्याने वाचा.

पायरी २: केस सुरू होण्याआधी

इथे फार वेळ लागत नाही, पण दहा मिनिटं नक्की काढा. सेट स्क्रू पेडिकल स्क्रूंपेक्षा जास्त आहेत ना? टॉर्कचं, म्हणजे ठरावीक जोराने आवळायचं हँडल आहे ना, आणि त्याच्या तपासणीची तारीख उलटली नाही ना? आवळताना माथा रोखून धरणारी काउंटर टॉर्कची नळी याच सिस्टिमच्या ट्युलिपवर बसते का? एक स्क्रू घेऊन बसवून बघा. रॉड कटरचे जबडे नीट मिटतात का?

जुनं इम्प्लांट असलेली केस असेल तर आदल्या दिवशीच जुन्या शस्त्रक्रियेचा कागद मागा. कोणती सिस्टिम, रॉडचा व्यास किती, सेट स्क्रूला कोणत्या आकाराचा ड्रायव्हर लागतो, या तीन गोष्टी कळल्याशिवाय मी ट्रॉली लावत नाही.

पायरी ३: स्क्रू एका ओळीत, एका उंचीवर

रॉड सहज बसणं न बसणं इथेच ठरतं. सगळे माथे वरून पाहिले तर एका रेषेत, आणि बाजूने पाहिले तर एका गुळगुळीत वक्रावर यायला हवेत. एखादा स्क्रू खोल गेला तर रॉड तिथे पोचत नाही, एखादा वर राहिला तर शेजारच्या दोघांवर ताण.

पॉलीअॅक्सिअल स्क्रू अगदी शेवटपर्यंत आत नेला तर त्याचा माथा हाडावर टेकतो आणि झुकायचा थांबतो. मग रॉड बसवताना माथा वळत नाही, रॉड आवळला जाताना स्क्रूच हाडातून ओढला जातो. म्हणून प्रत्येक स्क्रूनंतर डॉक्टर माथा हलवून बघतात. तुम्ही मदतीला असाल आणि एखादा माथा हलत नसेल, तर सांगा. अर्धा वेटोळा मागे घेतला की सुटतो.

पायरी ४: रॉडची लांबी आणि वाक

ट्रेमध्ये मऊ तारेसारखी टेम्प्लेट असते. ती माथ्यांमध्ये ठेवून वक्र उचलायचा आणि त्यावरून रॉड निवडायचा. दोन्ही टोकांच्या माथ्यांबाहेर रॉड साधारण ५ मिलिमीटर उरावा. कमी उरला तर सेट स्क्रू रॉडच्या कडेवर बसतो आणि पकड अर्धवट होते. वरच्या टोकाला जास्त उरला तर न जोडलेल्या मणक्याच्या सांध्यावर तो घासतो. डॉक्टर मणके दूर सारणार असतील तर लांबी जास्त लागेल, जवळ आणणार असतील तर कमी. हे आधी विचारा, कापल्यावर नाही.

कापताना रॉडची दोन्ही बाजू धरलेली हवी. न धरलेला तुकडा गोळीसारखा उडतो.

वाक देताना घाई नको. कमरेच्या पाचही मणक्यांमध्ये मिळून जी पोकळ वळण असते, तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग एल-४ (कमरेचा चौथा मणका) पासून एस-१ (कमरेखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका) पर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात असतो. म्हणून रॉडचा वाकही खालच्या टोकाला जास्त हवा. सगळीकडे सारखा कमानदार रॉड दिसायला सुंदर, पण कमरेला चुकीचा. मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये डॉक्टर ओटीपोटाच्या हाडाचा एक कोन आधीच मोजून ठेवतात आणि कमरेचं वळण त्या कोनापासून १० अंशांच्या आत आणायचा प्रयत्न करतात. पाठ सपाट जोडली गेली तर रुग्ण आयुष्यभर पुढे झुकून, गुडघे वाकवून उभा राहतो. धातू शाबूत, हाड जुळलेलं, आणि तरी माणूस दुखण्याने हैराण. अशी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून या पायरीवर कुणी भराभर हात चालवला की मला राहवत नाही.

फ्रेंच बेंडरने, म्हणजे रॉड वाकवायच्या हत्याराने, एका जागी मोठा वाक देऊ नका. थोडं थोडं सरकवत अनेक छोटे वाक द्या. रॉडवर लांबीच्या दिशेने एक रेघ असते, ती सतत वर ठेवा, नाहीतर रॉड पिळवटतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: जास्त वाकला म्हणून त्याच जागी उलटा वाकवू नका. टायटॅनियमवर पडलेली बारीकशी खाच किंवा उलटा वाक पुढे तडा जायला पुरेसा असतो. रॉड बिघडला असं वाटलं तर नवा रॉड मागा. तो मागायला कुणी कचरू नये.

पायरी ५: रॉड खोबणीत

रॉड आधी जिथे सहज बसतो तिथला सेट स्क्रू लावायचा, मग शेजारचा. सेट स्क्रू धरताना आधी उलटा, घड्याळाच्या विरुद्ध, हळूच फिरवा. आटे जुळले की बोटांना किंचित ‘टक’ जाणवतं; त्यानंतर सुलटा फिरवा. एवढीशी सवय लावली तर आटे वाकडे चढत नाहीत. वाकडा चढलेला सेट स्क्रू आवळलेला वाटतो, टॉर्कचा आवाजसुद्धा देतो, पण रॉडवर त्याचा दाब नसतो.

रॉड वर राहिला तर त्याला खाली आणायला रॉकर, पर्स्युएडर अशी हत्यारं आहेत. इथे हात सांभाळा. रॉड खाली ढकलला जातो आहे की स्क्रू हाडातून वर उपसला जातो आहे, हे बाहेरून पटकन कळत नाही. हाड ठिसूळ असेल तर दुसरंच होतं. फार जोर लागायला लागला की थांबायचं, रॉड पुन्हा वाकवायचा किंवा स्क्रूची उंची बदलायची.

छोट्या छेदातून केस चालली असेल तर रॉड दिसत नाही. स्क्रूवर लावलेल्या उंच नळ्या फिरवून बघतात: रॉड नळीच्या फटीतून गेला असेल तर ती पूर्ण फिरत नाही. फिरली, तर रॉड तिच्या बाजूने निसटला आहे. त्यानंतर सी-आर्मखाली, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राखाली, दोन्ही दिशांनी पाहायचं.

पायरी ६: तात्पुरतं आवळणं

सगळे सेट स्क्रू रॉड हलणार नाही इतपत, पण पुन्हा सोडता येतील असे आवळायचे. मग गरजेप्रमाणे मणके कॉम्प्रेसरने जवळ किंवा डिस्ट्रॅक्टरने दूर. एका बाजूचा स्क्रू पक्का, दुसऱ्याचा ढिला, हत्यार दाबून धरायचं आणि तसाच ढिला स्क्रू आवळायचा. मज्जारज्जूचं मॉनिटरिंग चालू असेल तर प्रत्येक मोठ्या हालचालीनंतर त्या टेबलाकडून उत्तर येईपर्यंत पुढचं हत्यार देऊ नका.

पायरी ७: फायनल टाइटनिंग

मला सांगायचं ते मुख्यतः इथे आहे.

टॉर्कचं हँडल ठरावीक जोरावर ‘कट्‌’ करून सुटतं. कमरेच्या अनेक सिस्टिममध्ये हा जोर ८ ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, मानेत बराच कमी. मानेच्या सेटवर कमरेचं हँडल कधीही जाऊ देऊ नका. हँडल आवळताना ट्युलिपवर काउंटर टॉर्कची नळी ठेवून दुसऱ्या हाताने, बहुतेक वेळा सहायकाच्या हाताने, उलट दिशेने रोखून धरायचं असतं. नाहीतर तो सगळा पीळ स्क्रूमार्फत पेडिकलला जातो; स्क्रू हाडात सैल होतो किंवा रॉड आडवा सरकतो. नळी ट्युलिपवर पूर्ण खाली बसलेली, ड्रायव्हर खोबणीत सरळ उभा, आणि रॉड माथ्याला काटकोनात: या तिन्ही गोष्टी जमल्यावरच फिरवायचं. ड्रायव्हर तिरका असेल तर आवाज येतो, पण जोर सेट स्क्रूपर्यंत पोचलेला नसतो.

काही सिस्टिममध्ये सेट स्क्रूचं डोकं ठरलेल्या जोरावर तुटून वेगळं होतं. जेवढे स्क्रू तेवढी तुटलेली डोकी ट्रॉलीवर आली पाहिजेत. एक कमी असेल तर ते जखमेत पडलं आहे किंवा तो स्क्रू आवळायचाच राहिला आहे. दोन्ही शोधल्याशिवाय जखम बंद होत नाही.

मी नवी असताना एका केसमध्ये आठपैकी सात आवळले गेले. मधेच फोन आला, डॉक्टरांनी बाजू बदलली, आणि डावीकडचा सगळ्यात खालचा राहिला. मी मोजत नव्हते. काही महिन्यांनी रुग्ण कंबर दुखते म्हणून परत आला. एक्स-रेमध्ये सेट स्क्रू रॉडच्या शेजारी मोकळा पडलेला होता. त्या माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं, आणि ते टाळणं माझ्या हातात होतं. तेव्हापासून मी कागदावर माथ्यांचा नकाशा काढते, उजवा-डावा, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक आवाजाला मोठ्याने म्हणते: ‘एल-५ उजवा, फायनल.’ फिरती सिस्टर खूण करते. सगळ्या खुणा झाल्याशिवाय टॉर्कचं हँडल मी परत ट्रेमध्ये ठेवत नाही. सुरुवातीला काही सर वैतागले. आता तेच विचारतात, ‘किती झाले?’

पायरी ८: क्रॉसलिंक

दोन रॉड म्हणजे पायऱ्या नसलेल्या शिडीचे दोन दांडे. पुढे-मागे वाकायला ते चांगला विरोध करतात, पण पिळायला लागलं की एकमेकांवरून सरकतात. आडवा दुवा, म्हणजे क्रॉसलिंक, टाकला की पिळाला विरोध वाढतो. पुढे-मागे वाकण्यात मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून एक-दोन टप्प्यांच्या छोट्या जोडणीत तो बहुतेकदा लागत नाही, लांब जोडणीत लागतो. रॉडच्या शक्यतो सरळ भागावर, दोन माथ्यांच्या मधे पुरेशी मोकळी जागा बघून तो बसतो. मागची कमान काढलेली असेल तर खाली मज्जारज्जूचं आवरण उघडं असतं. दुवा त्यापासून वर उचललेला आहे ना, हे बघायचं. बारीक अंगाच्या रुग्णात तो कातडीखाली टोचणार नाही हेही. त्याचे छोटे स्क्रूसुद्धा तुमच्या नकाशात हवेत.

पायरी ९: रॉडला रॉड

जुनी जोडणी वर किंवा खाली वाढवताना सगळं काढायची गरज नसते. जुन्या रॉडला नवा रॉड शेजारी लावून बांधणाऱ्या तुकड्याला डॉमिनो म्हणतात. टोकाला टोक जोडणारा तुकडा वेगळा. ओटीपोटाच्या हाडातला स्क्रू रॉडच्या रेषेबाहेर असतो, त्याला आडवा हात देणारा ऑफसेट कनेक्टर. मानेचा बारीक रॉड पाठीच्या जाड रॉडला जोडायचा तर दोन व्यासांचा डॉमिनो किंवा मधेच जाडी बदलणारा एकसंध रॉड. हाड कापून मोठा वाक सरळ केला असेल तिथे रॉड तुटण्याची भीती जास्त, म्हणून शेजारी आणखी एक-दोन रॉड बांधतात.

डॉमिनो मागण्याआधी तीन गोष्टी तपासा: जुन्या रॉडचा व्यास, जुना धातू, आणि त्या रॉडवर मोकळी, सरळ, मांस साफ केलेली जागा. वाकलेल्या भागावर डॉमिनो घट्ट बसत नाही. एका रॉडवर दोन सेट स्क्रू असलेले डॉमिनो असतील तर दोन्ही आवळायचे.

पायरी १०: बंद करण्याआधी

सी-आर्मचे दोन फोटो. रॉडची टोकं दोन्ही बाजूंना माथ्याबाहेर दिसतात का, प्रत्येक सेट स्क्रू ट्युलिपमध्ये सरळ आहे का. मग जखम धुणं, हाडाचं कलम, काउंट. रिडक्शन स्क्रूचे कान, सेट स्क्रूची तुटलेली डोकी, रॉडचा कापलेला तुकडा हे सगळं काउंटमध्ये.

एकदा ट्युलिपमध्ये आवळून पुन्हा काढलेला सेट स्क्रू आणि बेंडरच्या खुणा पडलेला रॉड परत ट्रेमध्ये जाता कामा नये. तो बाजूला काढून त्याची नोंद करा.

शेवटी स्टिकर. प्रत्येक स्क्रू, रॉड, सेट स्क्रू आणि कनेक्टरचा लॉट नंबर केसपेपरवर, आणि त्याशेजारी ठळक अक्षरात सिस्टिमचं नाव, रॉडचा व्यास, धातू, सेट स्क्रूच्या ड्रायव्हरचा आकार. हीच माहिती रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही लिहून द्या आणि ते कार्ड जपून ठेवायला त्याला सांगा.